शनिवार पेठेतली तालीम

पुण्याचे सरकारी गॅझेटियर १८८५ साली प्रसिद्ध झाले. त्यात शहरातल्या पेठांची जुनी नावे दिली आहेत. आजची बुधवार पेठ ही मोहियाबाद, रविवार पेठ ही मलकापूर आणि शनिवार पेठ ही मुर्तझाबाद. हे सांगितले की आमच्या तरुण मित्रांच्या डोळ्यांत थोडी चमक येते. 'म्हणजे ही पेठ आपली होती तर!' असे कुणीतरी म्हणतो. आम्ही त्याला एवढेच म्हणतो, बाबा रे, नाव आपले होते की नव्हते यावर एक संध्याकाळ जाईल. त्याच पेठेत गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत तरुणांनी काय शिकून घेतले, हे पाहशील तर आयुष्यभर पुरेल.

'तालीम' हा शब्द आपल्या घरात शिक्षणासाठी वापरतात. अब्बांनी 'तालीम पूरी करो' म्हटले की ते पदवीबद्दल बोलत असतात. पुण्याच्या पेठांत तालीम म्हणजे आखाडा, जिथे रोज अंग मोडून मेहनत करावी लागते. आणि नाटकवाल्यांची तालीम म्हणजे पडदा उघडण्याआधी पुन्हा पुन्हा केलेला सराव. सार्वजनिक कामाची तालीम या तिन्ही अर्थांनी घ्यावी लागते. आपल्याकडे पहिला अर्थ पक्का रुजला आहे. उरलेले दोन आपण सोडून दिले, असे आमचे म्हणणे आहे.

आपल्या कुठल्याही मेळाव्यात जा. शिक्षण, रोजगार, सुरक्षितता हे विषय झाले की कुणीतरी वडीलधारे उठून विचारतात, 'आपल्या पोरांतून नेते का तयार होत नाहीत?' सभागृह माना डोलावते. उत्तर कुणी देत नाही, आणि पुढच्या वर्षी हाच प्रश्न पुन्हा येतो. या प्रश्नाचे उत्तर आम्ही इतिहासात शोधू पाहतो. त्यासाठी फार लांब जायची गरज नाही. नदीच्या या काठावरची एक पेठ पुरते.

गद्रे वाड्यातले तरुण

१ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर सोडले तर ही सारी पंचविशीच्या आसपासची मंडळी होती. बाळ गंगाधर टिळक तेव्हा २३ वर्षांचे होते, आणि पुढे त्यांना येऊन मिळालेले गोपाळ गणेश आगरकर त्यांच्याच वयाचे. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी शनिवार पेठेतल्या गद्रे वाड्यात फर्ग्युसन कॉलेजचे उद्घाटन झाले. आज टेकडीच्या पायथ्याशी दिसणारी दगडी इमारत दहा वर्षांनंतरची आहे. कॉलेजचा जन्म भाड्याच्या वाड्यातला.

या कहाणीत देशभक्ती आणि त्याग आहेच. ते सगळे जण सांगतात. आम्हांला त्यातला कमी सांगितला जाणारा भाग महत्त्वाचा वाटतो. या तरुणांनी स्वतःला नियमांत बांधून घेतले होते. जो आजीव सभासद होईल त्याने वीस वर्षे संस्थेत काम करायचे, महिना ७५ रुपयांवर भागवायचे आणि निर्णय सभासदांच्या बैठकीत मतांनी घ्यायचे. अठ्ठाविसाव्या वर्षी टिळक-आगरकर कॉलेज चालवत होते. त्यांच्या डोक्यावर कुणी बुजुर्ग विश्वस्त 'अजून तुम्ही लहान आहात' म्हणत बसलेला नव्हता. जबाबदारी आधी हातात आली, शहाणपण तिच्या मागून आले.

आणि ते भांडले. कडाडून भांडले. पगारावरून भांडले, बाहेरची कामे करावीत की नाहीत यावरून भांडले, समाजसुधारणेवरून तर फारच भांडले. शेवटी १८९० साली टिळकांनी संस्था सोडली. पण सोडताना त्यांनी लांबलचक लेखी निवेदन दिले. माझा मतभेद कुठे आहे, कोणता नियम मोडला गेला, मी का जातो आहे, हे सगळे त्यात मांडले. संस्था फुटली नाही. आगरकर पुढे १८९२ साली प्राचार्य झाले आणि १८९५ साली वारले तोवर त्या पदावर होते. टिळकांची वाट वेगळी झाली, पण त्यांनी उभे केलेले कॉलेज चालूच राहिले.

आपल्याकडे माणूस संस्था सोडतो तेव्हा काय होते, हे आम्ही सांगण्याची गरज नाही. एक तर तो रातोरात येईनासा होतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत त्याच नावाची दुसरी संस्था निघते. लेखी राजीनामा ही चीज आपल्या दप्तरांत क्वचितच सापडते.

वीस वर्षांचा गोखले

याच संस्थेत गोपाळ कृष्ण गोखले नावाचा एक तरुण १८८५ साली शिक्षक म्हणून आला. वय अवघे १९. पुढल्याच वर्षी तो आजीव सभासद झाला. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, जे पुढ्यात येईल ते त्याने शिकवले. त्यानंतर लवकरच न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्याला हाताशी धरले.

रानड्यांनी गोखल्यांना काय शिकवले? भाषण शिकवले नाही. त्यांनी त्यांना अर्ज लिहायला शिकवले. सरकारी अहवाल वाचायचे, त्यातले आकडे काढायचे, ते पडताळायचे, मग मसुदा करायचा. मसुदा पसंत पडला नाही की पुन्हा लिहायचा. पुण्याची सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेली होती. तिचे त्रैमासिक आणि पुढे तिची चिटणिसी गोखल्यांकडे आली. या सभेचा एक नियम आपल्या तरुणांनी ध्यानात ठेवावा असा आहे. जो सभासद होऊ इच्छितो त्याने किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणायचा. 'मी समाजाचा प्रतिनिधी' असे म्हणायचे असेल तर आधी ५० दारे झिजवून या, असा त्याचा सरळ अर्थ. आज आमच्यापैकी कितीजण छापील पत्रावर 'अध्यक्ष' लिहितात आणि त्यांच्यापाशी पाच सह्या नसतात!

१८९५ साली टिळकांच्या गटाने सार्वजनिक सभेत बहुमत मिळवले. रानडे-गोखले यांनी १८९६ साली डेक्कन सभा वेगळी काढली. तिथेही तेच. मतभेद झाले, वाटा फुटल्या, पण वह्या, नियम आणि काम चालू राहिले.

१२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला तो याच अनुभवातून. सार्वजनिक काम ही फावल्या वेळची हौस नाही, ते शिकावे लागते, म्हणून नव्या सभासदाने पाच वर्षे उमेदवारी करावी असा नियम केला. वकील व्हायला जेवढा काळ लागतो तेवढा लोकसेवक व्हायलाही लागतो, असा हिशोब त्यामागे दिसतो. सभासदाला सात शपथा घ्याव्या लागत. सर्व भारतीयांना जातिधर्माचा भेद न करता भाऊ मानीन, ही त्यातली एक. कुणाशीही व्यक्तिगत भांडण करणार नाही, ही दुसरी. ज्या माणसाने टिळकांसारख्या प्रतिस्पर्ध्याशी उभे आयुष्य मतभेद निभावले, त्याने ही शपथ लिहावी याला वजन आहे.

त्या तयारीचे फळ १९११ साली दिसले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचे विधेयक गोखल्यांनी मांडले. १९१२ साली ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. पडले, पण त्यांच्या आकडेवारीला सरकारला उत्तर द्यावे लागले. शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळायला पुढे २००९ साल उजाडले.

एक गोष्ट मात्र इथे नमूद केली पाहिजे. गद्रे वाडा काय, सार्वजनिक सभा काय, ही मुख्यतः उच्चवर्णीय, इंग्रजी शिकलेल्या पुरुषांची जागा होती. शेजारच्याच बुधवार पेठेत १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव-सावित्रीबाईंना तिथे घर वाटावे असे वातावरण नव्हते. जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि तिथे ते एकटे पडत. मग मोहल्ल्यातल्या मुलाची काय कथा! म्हणून गद्रे वाड्याची नक्कल करा असे आम्ही म्हणत नाही. तिथली शिस्त घ्या, तिथला उंबरठा घेऊ नका.

इमाम अली आणि युसुफ मेहरअली

तो उंबरठा पुढच्या पिढीने ओलांडायचा प्रयत्न केला. श्रीधर महादेव जोशी, म्हणजे एस. एम. जोशी, हे फर्ग्युसनचे विद्यार्थी. १९२९ साली पर्वतीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला, त्यात हा तरुण होता. सत्याग्रहींना मार बसला. ज्या शहरात शिकलो त्याच शहराच्या विरुद्ध उभे राहायचे, हा धडा त्यांनी उमेदीच्या वयात गिरवला. ४ जून १९४१ रोजी राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली तेव्हा दलप्रमुख तेच होते. १९४२ साली ते भूमिगत झाले तेव्हा मुंबईत मौलवीच्या वेशात राहत. नाव धारण केले होते इमाम अली. वेश हा वेश असतो हे खरे, पण आमच्या मोहल्ल्यांत त्यांना आसरा मिळाला नसता तर तो वेश चार दिवसही टिकला नसता.

त्याच समाजवादी कळपात मुंबईचे युसुफ मेहरअली होते. १९०३ सालचा जन्म. १९२८ साली सायमन कमिशन मुंबई बंदरात उतरले तेव्हा निदर्शनांना बंदी होती. मेहरअली आणि त्यांचे तरुण सोबती हमालांच्या कपड्यांत धक्क्यावर गेले. 'सायमन गो बॅक' ही घोषणा त्यांची. 'क्विट इंडिया' हे शब्दही त्यांनीच सुचवले असे सांगतात. त्याच वर्षी त्यांनी बॉम्बे यूथ लीग उभी केली होती आणि १९४२ साली ते मुंबईचे महापौर झाले. सनदी वकिलीची वाट सरकारने त्यांना नाकारली होती. आपल्या शाळांच्या भिंतींवर त्यांचे चित्र क्वचितच दिसते. कॉलेजातल्या मुलाने शहराचा महापौर होईपर्यंतचा रस्ता कसा चालावा याचा इतका जवळचा नमुना दुसरा नसेल.

सेवा दलाची पद्धत साधी होती. संध्याकाळची शाखा, खेळ, अभ्यासमंडळ, शिबिर, कलापथक. शिबिरात संडास साफ करण्यापासून रात्रीच्या चर्चेचे टिपण काढण्यापर्यंत कामे वाटलेली असत. आज भाषण देणाऱ्याच्या वाट्याला उद्या भांडी येत. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा एक मुसलमान मुलगा कोकणात या शाखेत वाढला. १९३२ साली जन्मलेला हा मुलगा म्हणजे हमीद दलवाई.

४३१, शनिवार पेठ

साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी मुंबईत 'साधना' साप्ताहिक सुरू केले. पुढे ते पुण्यात आले आणि ४३१, शनिवार पेठ हा त्याचा पत्ता झाला. यदुनाथ थत्ते दीर्घकाळ संपादक होते. या जागेत छापखाना होता, टेबले होती आणि येणाऱ्या तरुणाला 'लिहून आण' म्हणणारी माणसे होती.

'लिहून आण' हे दोन शब्द फार मोठे आहेत. अनिल अवचट तेव्हा तरुण डॉक्टर होते. १५ ऑगस्ट १९७२ च्या विशेषांकाचे काम साधनेने त्यांच्याकडे सोपवले. त्या अंकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला आणि राज्यभर वादळ उठले. लेखातल्या शब्दांवर अनेकांचा आक्षेप होता, साधनेच्या घरातल्यांचाही. पण ज्या जागेत पन्नाशीचे संपादक पंचविशी-तिशीच्या मुलांच्या हाती अंक देतात आणि त्याची किंमत आपण मोजतात, तिथे नेतृत्व तयार होते. दलित पँथर त्याच वर्षीच्या मे महिन्यात स्थापन झाली होती.

दलवाईंच्या लेखनालाही या वर्तुळाने जागा दिली. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. मागणी होती तोंडी तलाक बंद करण्याची. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. नाव जोतीरावांच्या सत्यशोधक समाजावरून घेतलेले. १९७१ साली पुण्यात मुस्लिम महिलांची परिषद भरली. ३ मे १९७७ रोजी दलवाई वारले. वय ४४.

दलवाईंच्या मतांशी आमच्या वाचकांपैकी अनेकजण सहमत नसतील. आमच्यातही याबाबत दोन मते आहेत आणि ती इथे लपवायचे कारण नाही. सोलापूरच्या संगमेश्वर महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणारे प्रा. फक्रुद्दीन बेन्नूर (१९३८–२०१८) यांनी वेगळी वाट धरली. मुसलमानांच्या प्रश्नाकडे त्यांनी जात, कारागिरी, गरिबी आणि इतिहास या बाजूंनी पाहिले, आणि दलवाईंच्या मांडणीवर टीका केली. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागे बेन्नूर सरांची खटपट होती. दोघांची उत्तरे वेगळी. पण दोघेही वर्गात, शिबिरात, बैठकीत तरुणांपुढे बसून बोलणारे, त्यांच्याकडून लिहून घेणारे. मतभेद छापून मांडणारे. आम्हांला ही समानता मतभेदापेक्षा मोठी वाटते.

आणि नेतृत्वाला पदवी लागतेच असेही नाही. सय्यदभाई लहानपणी पुण्यात पेन्सिलीच्या कारखान्यात कामाला लागले. बहिणीला तलाक मिळाला, त्या दुःखातून ते या कामात आले. 'दगडावरची पेरणी' हे त्यांचे आत्मकथन. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२२ साली ते गेले. सात महिलांच्या मोर्चापासून २२ ऑगस्ट २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत ५१ वर्षे गेली. त्या निकालासाठी न्यायालयात गेलेल्यांत मुस्लिम बायाच पुढे होत्या, हे विसरू नये. सार्वजनिक काम वर्षांत मोजत नाहीत, पिढ्यांत मोजतात.

एकाच वर्षी दोन दरवाजे

आता एक योगायोग सांगतो. १९७० साली, ज्या वर्षी पुण्यात सत्यशोधक मंडळ निघाले, त्याच वर्षी पुण्याच्या कॅम्पात अंजुमन खैरुल इस्लामने पूना कॉलेज काढले. महाराष्ट्र कॉस्मोपॉलिटन एज्युकेशन सोसायटी त्याआधीच १९४८ पासून काम करत होती आणि आझम कॅम्पस पुढे शाळा-महाविद्यालयांचे गावच झाले. या संस्थांनी हजारो मुलामुलींना शिकवले. हे ऋण फेडता येण्यासारखे नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर आणि पदविकाधारकांचे प्रमाण चार टक्क्यांहूनही कमी दिसले. त्यावरून या कामाचे मोल कळते.

पण एकाच वर्षी उघडलेले हे दोन दरवाजे एकमेकांसमोर उघडले नाहीत. एका बाजूला पदवी होती, दुसऱ्या बाजूला वाद घालण्याची मुभा होती. कॅम्पातून शनिवार पेठेत यायला सायकलवर वीस मिनिटे लागतात. ते अंतर फार थोड्या मुलांनी कापले. जे शनिवार पेठेत गेले ते तिथे पाहुणे राहिले, आणि परत मोहल्ल्यात आले तेव्हा तिथेही पाहुणेच ठरले. दोष एका बाजूचा नाही.

सरकारी बाजूनेही दरवाजे अर्धवट उघडे राहिले. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. रक्तदान, श्रमदान, शिबिरे झाली. पण निर्णय प्राध्यापकांचे आणि हात मुलांचे, अशी तिची बहुतेक ठिकाणी विभागणी झाली. मतदानाचे वय १९८९ पासून १८ झाले. आणि पाचच वर्षांनी, १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने, महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका गेल्या आणि गुणवत्तेवर विद्यार्थी परिषद नेमली जाऊ लागली. कारण होते निवडणुकांतली मारामारी. १९८९ साली मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खूनही झाला होता. कारण खरे होते. पण औषध असे निघाले की मुलगा देशाचा पंतप्रधान ठरवण्यात भाग घेऊ शकतो, वर्गाचा प्रतिनिधी मात्र निवडू शकत नाही. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद परत आणली. २०१९ साली कार्यक्रम जाहीर झाला आणि पुढे ढकलला गेला. ज्या मुलाने पाच-पंचवीस वर्गमित्रांची मते मागितली नाहीत, हरल्यावर जिंकलेल्याशी हात मिळवला नाही, तो उद्या मोहल्ल्यात काय करणार?

आमची वही

आमचा स्वतःचा अनुभव सांगितल्याशिवाय हे लिहिणे प्रामाणिक होणार नाही. आम्ही आठ-दहाजण कॉलेजात होतो. मशिदीमागच्या एका खोलीत दर जुम्याच्या संध्याकाळी जमायचो. मंडळाचे नाव ठेवले, शिक्का बनवला, एक जाड वही आणली. मोहल्ल्यात पाण्याचा त्रास होता. आम्ही तीसजणांना घेऊन एका कार्यालयात गेलो, घोषणा दिल्या, कागद दिला. तिथल्या कारकुनाने कागद उलटसुलट पाहिला आणि परत केला. त्यावर तारीख नव्हती.

आमच्या गल्लीत एक निवृत्त कारकून चाचा राहायचे. त्यांनी आम्हांला ओट्यावर बसवले. म्हणाले, 'बेटा, ओरडलात किती वेळ? अर्धा तास. आता अर्धा तास मोजणी करा.' त्यांनी सांगितले तसे आम्ही घरे मोजली, नळ मोजले, आठवडाभर पाणी किती वाजता येते आणि किती वाजता जाते ते लिहिले. अर्जात मागणी एकच ठेवली. भाषा मराठी, शुद्ध, सरळ. दोन प्रती केल्या आणि एकीवर पोच घेतली. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा ती पोच दाखवली आणि त्याच कारकुनाने खुर्ची दिली. पाण्याची वेळ अर्ध्या तासाने वाढली. फार नाही, पण त्या अर्ध्या तासात आमच्या अम्मींचे दोन हंडे जास्त भरू लागले.

पुढच्या वर्षी चिटणीस कोण यावरून आमच्यात बिनसले. मत घ्यावे असे कुणाला सुचले नाही. दोघांची तोंडे फिरली, मग त्यांच्या मागे आम्हा सगळ्यांची. खोलीची किल्ली एकाकडे राहिली आणि वही दुसऱ्याकडे. परवा ती वही आमच्या हाती आली. पहिली चौदा पाने भरलेली आहेत आणि पुढची कोरी आहेत. आम्हांला अर्ज लिहिणे चाचांनी शिकवले. हरणे कुणी शिकवले नाही. म्हणूनच टिळकांचे ते राजीनाम्याचे निवेदन आणि गोखल्यांची ती भांडण न करण्याची शपथ आम्हांला इतकी महत्त्वाची वाटते.

किल्ली कुणाच्या हाती

तेव्हा मेळाव्यातल्या त्या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. नेते तयार होत नाहीत, कारण आपण मुलांना व्यासपीठ देतो, खोलीची किल्ली देत नाही. वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस देतो, जमाखर्चाची वही दाखवत नाही. बावीस वर्षांच्या मुलाला मिरवणुकीत पुढे उभे करतो आणि विश्वस्तांच्या बैठकीत मागे चहा वाटायला ठेवतो. आणि मुलींना तर बैठकीची वेळही कळवत नाही. मग तो मुलगा ज्या दिवशी खरोखर पुढे येतो, त्या दिवशी त्याला घोषणेपलीकडे काही येत नसते. दोष त्याचा नसतो.

मशवऱ्याची, म्हणजे विचारून ठरवण्याची रीत आपल्याला बाहेरून आणायची नाही. ती आपल्या घरचीच आहे. फक्त तिला तारीख, सही आणि इतिवृत्त यांची जोड द्यायची आहे. प्रत्येक जमातीच्या बैठकीचे इतिवृत्त लिहायला कॉलेजातला एक मुलगा आणि एक मुलगी बसवावी, आणि ते मराठीत लिहावे. मदरसा, मशीद, शिक्षणसंस्था, ज्याची असेल त्याची वर्षाची जमाखर्चाची बेरीज भिंतीवर लावावी. आपल्या कॉलेजांनी विद्यार्थी मंडळाला एखादे खरे काम, वाचनालय असो की शिष्यवृत्तीची मदतखिडकी, पैशांसकट सोपवावे आणि वर्षअखेर हिशोब मागावा. चुकतील. चुकू द्यावे.

बाहेरची साधनेही आता पूर्वीपेक्षा पुष्कळ आहेत. माहितीचा अधिकार १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे. दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. पुणे महानगरपालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून प्रभागातली कामे सुचवून घ्यायला सुरुवात केली. मार्च २०२२ नंतर काही वर्षे या शहराचा कारभार नगरसेवकांविना प्रशासकाने पाहिला. त्या काळात ज्या वस्त्यांतल्या लोकांना अर्ज लिहिता येत होता त्यांचे थोडेफार चालले, बाकीचे नगरसेवकाची वाट पाहत बसले. रानड्यांनी गोखल्यांकडून गिरवून घेतलेला धडा इतका जुना आणि इतका ताजा आहे.

शनिवार पेठेतून आम्ही आजही अधूनमधून जातो. वाडे पाडून इमारती झाल्या. मुर्तझाबाद हे नाव कुणाला ठाऊक नाही आणि गद्रे वाडा विचारला तर लोक एकमेकांकडे पाहतात. ४३१ क्रमांकावर मात्र अजून कागदाचा वास येतो. परत येताना आम्ही एक कोरी वही घेतो आणि मशिदीमागच्या त्या खोलीत जी नवी मुले जमतात त्यांना देतो. पहिल्या पानावर काय लिहायचे ते त्यांना आता ठाऊक आहे: तारीख, वेळ, हजर सभासद, विषय. आणि तळाशी एक ओळ आम्ही सांगून लिहून घेतो, ठरावाच्या बाजूने किती आणि विरोधात किती.

विरोधातला आकडा खोडायचा नाही, एवढे मात्र त्यांना बजावून ठेवले आहे.